रोगजंतू ओळखायचे कसे? ग्रॅम पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, बीजाणू आणि आपल्याकडचे आजार

खानापुरी_पोरगा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करालोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुस्तक इंग्रजीत, सर समजावतात कन्नडमधून, आणि डोकं चालतंय मराठीतून. त्यामुळं मायक्रोबायोलॉजीचा तास आला की घाम फुटतो.

अडचण अशी की जिवाणूंचं वर्गीकरण एक नाही, चार-पाच आहेत. आकारावरून गोल, दांडीवजा आणि वळणाचे. रंगावरून ग्रॅम पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. प्राणवायू लागतो की नाही ते वेगळं. बीजाणू करणारे, न करणारे. परत कुठल्या आजाराचे, ते आणखी वेगळं. एकच जंतू पाच तक्त्यांत पाच ठिकाणी बसलाय. ह्यातलं खरं कुठलं? आणि लॅबमध्ये हे सगळं लागतंय का परीक्षेपुरतंच हाय? आपल्याकडच्या आजारांची उदाहरणं दिलात तर डोक्यात राहील.

टिळकवाडीची_लॅबवाली

विषय चांगला काढलास. मी बरीच वर्षं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं) बघते, माझ्या परीनं सांगते.

वंशावळ म्हणशील तर ती आता जनुकांवरून ठरते. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागाच्या) आरएनएवरून आर्किया हे जिवाणूंसारखेच दिसणारे सूक्ष्मजीव आणि जिवाणू वेगळे काढले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्याआधी १९२३ पासून बर्गीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे जिवाणू ओळखायच्या ग्रंथात, रंग, आकार, खाणंपिणं यावरूनच गट पाडायचे. पण टेबलावर कुणाचा तरी पू येऊन पडलाय तेव्हा वंशावळ कोण विचारतंय? पुढची टेस्ट कुठली लावू आणि डॉक्टरला संध्याकाळपर्यंत काय कळवू, एवढंच डोक्यात असतं. तुझे ते पाच तक्ते म्हणजे एकामागून एक विचारायचे प्रश्न आहेत. क्रम कळला की पाठांतर निम्मं होतं.

पहिला प्रश्न ग्रॅमचा. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं १८८४ मध्ये ही रीत छापली. नमुना स्लाईडवर पातळ पसरायचा, वाळला की ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, पाणी. आयोडीन एक मिनिट, पाणी. मग ॲसिटोन किंवा अल्कोहोल, आणि खरी मेख इथंच आहे. स्लाईड तिरकी धरून थेंब थेंब सोडत राहायचं. खाली गळणारं पाणी जांभळं यायचं थांबलं की लगेच नळाखाली. थोडा वेळ जास्त गेला तर पॉझिटिव्हसुद्धा रंग सोडतात, कमी पडला तर निगेटिव्हही जांभळेच राहतात. शेवटी सॅफ्रनिन हा गुलाबी रंग अर्धा-एक मिनिट. नमुना जाड पसरलेला असेल तर कितीही धुवा, मधला गोळा जांभळाच दिसणार. आणि शिळ्या कल्चरवरून कधी रंग करू नकोस. म्हातारे झालेले ग्रॅम पॉझिटिव्ह गुलाबी दिसून फसवतात.

आता कारण. ग्रॅम पॉझिटिव्हची भिंत पेप्टिडोग्लायकनची, जाड, थरावर थर. अल्कोहोलनं ती आकसते आणि रंग-आयोडीनचा गठ्ठा आत अडकतो. निगेटिव्हची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर स्निग्ध द्रव्याचा आणखी एक पडदा असतो. अल्कोहोलनं तो विरघळतो आणि रंग वाहून जातो. म्हणजे रंगावरून भिंत कळली, आणि भिंतीवरून बरंचसं औषध कळतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू एवढा मोठा की तो निगेटिव्हच्या बाहेरच्या पडद्यातून आत शिरतच नाही. पेनिसिलिन भिंतीवर घाव घालतं, आणि मायकोप्लाझ्मा ह्या जिवाणूला तर भिंतच नाही, तिथं ते मोडणार काय?

बाकीचं जेवण झाल्यावर लिहिते.

शहापूरकर

अक्का, आमच्या गल्लीतले डॉक्टर स्लाईड नाही, काही नाही, जीभ बघून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात आणि माणूस बरा होतो. मग हे सगळं कशाला? 😀

टिळकवाडीची_लॅबवाली

जेवून आले. शहापूरकर, निम्म्या वेळा तो ताप विषाणूचा असतो, गोळ्या नसत्या घेतल्या तरी उतरला असता. उरलेल्या वेळी डॉक्टरांनी मनात अंदाज बांधलेला असतो: घशात बहुधा स्ट्रेप्टोकॉकस, लघवीत बहुधा ई. कोलाय. तो अंदाजही याच वर्गीकरणावर उभा आहे.

पुढं. जांभळे गोल दिसले, तर घडानं आहेत की माळेनं? घड म्हणजे स्टॅफिलोकॉकस, माळ म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. पण पुवात घड आणि माळ नेहमी पुस्तकासारखे दिसत नाहीत, म्हणून कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साईड फोडणाऱ्या विकराची टेस्ट. स्लाईडवर तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब, त्यात काडीनं थोडी कॉलनी (वाढलेल्या जंतूंचा ठिपका). फसफसून बुडबुडे आले तर स्टॅफ, शांत राहिलं तर स्ट्रेप. काडी लाकडाची किंवा काचेची घे, कारण निक्रोमच्या तारेनं उगाच बुडबुडे येऊ शकतात. ब्लड अगारवरून (रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या जेलीवरून) कॉलनी उचलताना खालचं रक्त खरवडू नको, तांबड्या पेशींतही कॅटलेज असतंच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात.

स्टॅफ निघाला की कोअ‍ॅग्युलेज. जंतूनं प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) गोठवला तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

गुलाबी दांड्या दिसल्या तर मॅककॉन्की अगार. लॅक्टोज (दुधातली साखर) खाणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला गुलाबी कॉलनी देतात. टायफॉईडचा साल्मोनेला आणि हगवणीचा शिगेला लॅक्टोज खात नाहीत, म्हणून फिक्या.

माळमारुती_७

बेळगाव लिहिलंय काही ठिकाणी, सरकारी नाव बेळगावी आहे. आधी ते ठरवा.

घटप्रभा_काठ

त्याचा धागा वेगळा आहे, तिकडं जा की भावा. इथं पोरगा अभ्यास करालाय.

गुरांचा_डॉक्टर

चिक्कोडी भागात पशुवैद्यक म्हणून काम केलंय. मला विचाराल तर ह्या सगळ्या तक्त्यांत बीजाणूंचा तक्ता सगळ्यात मोलाचा, आणि पोरं नेमका तोच दोन ओळींत उरकतात.

बीजाणू करणारी दोन घराणी लक्षात ठेव. बॅसिलस हवेत वाढतो, क्लॉस्ट्रिडियमला हवा चालत नाही. दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह दांड्या. परिस्थिती बिकट झाली की आत टणक कवचाचा बीजाणू करून बसतात. साध्या उकळीनं मरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूचं हे सगळं चक्र दाखवलं.

आता गावात काय होतंय बघ. चांगलं चालतं-खातं जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलं आणि ते गोठंना. लोक म्हणतात, फाडून बघूया कशानं मेलं. इथंच घात होतो. मेलेल्या अंगात जंतू साध्या रूपात असतो, शव न फाडता राहिलं तर कुजण्यात तो बहुतेक मरून जातो. फाडलं की हवा लागते, आणि हवा लागली की बीजाणू. मग ती जागा पुढच्या पिढीच्या जनावरांनाही धोक्याची. चामडं सोलणाऱ्याच्या हातावर काळी खपली येते ती ह्यातूनच. संशय आला तर शवाला हात न लावता दवाखान्यात कळवायचं, कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब स्लाईडवर घ्यायचं काम आमचं.

फऱ्याचंही तेच घराणं, क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय. सहा महिने ते दोन वर्षांचं, अंगानं भरलेलं वासरू, मांडीवर सूज, दाबली की चरचर आवाज. तो जंतूनं केलेला वायू. गुरांचा घटसर्प मात्र वेगळा: पाश्चरेला मल्टोसिडा, ग्रॅम निगेटिव्ह, बीजाणू नाहीत, रक्ताच्या स्लाईडवर दोन्ही टोकांना गडद रंग घेतो. दोन्हींची लस पावसाळ्याआधी टोचतात, म्हणून लोकांना एकच रोग वाटतो.

अथणीचा_ऊसवाला

डॉक्टरसाहेब, धनुर्वातपण ह्यातलाच ना? आमच्यात ऊस तोडताना कोयता लागला की गंजलेला होता का, हे आधी विचारतात.

गुरांचा_डॉक्टर

त्यातलाच. क्लॉस्ट्रिडियम टेटनी. गंजाचा काही संबंध नाही, संबंध शेणामातीचा आहे. बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. वरवर खरचटलं तर हवा लागत राहते, धोका कमी. कोयत्याचं टोक किंवा काटा खोल शिरला, वरून जखम मिटली, आत हवा नाही, मग बीजाणू उगवतो. तो स्वतः जखमेतच राहतो, त्याचं विष मज्जातंतूंतून वर चढतं. एकदा विष मज्जातंतूला चिकटलं की अँटिबायोटिकनं ते सुटत नाही. म्हणून लस आधीच झालेली पाहिजे. कोयता नवा कोरा असला तरी जखम साबण-पाण्यानं धुवा आणि शेवटची लस कधी झाली ते डॉक्टरांना सांगा.

निपाणीची_वैनी

ही चर्चा बायकांच्या उपयोगाची पण होऊ दे. लग्नातल्या बासुंदीनं आमच्या नात्यात एकदा रांगेनं माणसं आजारी पडली. जेवण होऊन दोन-तीन तास झाले नसतील, उलट्या सुरू. आचारी शपथेवर सांगत होता की वाढायच्या आधी परत उकळी दिली होती. खोटं बोलला असेल?

टिळकवाडीची_लॅबवाली

वैनी, खोटं बोलला असेलच असं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा हा नेहमीचा खेळ. हातावरच्या फोडातून किंवा नाकातून जंतू दुधाच्या पदार्थात पडतो. पातेलं बाहेर राहिलं, कोमट राहिलं, की तो वाढतो आणि विष सोडतो. मग उकळी दिली तर जंतू मरतो, पण ते विष उकळीला दाद देत नाही. पोटात तयार विष जातं म्हणून तासा-दोन तासांत उलट्या, ताप फारसा नाही. साल्मोनेलाचं उलट. तो पोटात जाऊन आधी वाढतो, म्हणून आजारी पडायला साधारण सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ जातो, ताप आणि जुलाब जास्त. जेवणानंतर किती तासांनी त्रास झाला हे विचारलं तरी निम्मा तपास होतो.

आणि आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा बॅसिलस सिरियस. खानापूरकडं भात भरपूर, रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला. ह्याचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की उगवतात आणि विष करतात. तेही फोडणीच्या आचेनं जात नाही. भात लवकर गार करून फ्रीजमध्ये टाकला तर फोडणीचा भात खुशाल खा.

निपाणीची_वैनी

म्हणजे आमचा आचारी सुटला. हात बघायला पाहिजे होते त्याचे.

कंकुंबीचा_वारा

आमच्याकडं पावसाळ्यात भातलावणी, पाय दिवसभर चिखलात. कावीळ आणि ताप एकदम आला की डॉक्टर लेप्टो म्हणतात. हा ग्रॅम पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?

टिळकवाडीची_लॅबवाली

तुझा प्रश्न चांगलाच नडणारा आहे. लेप्टोस्पायराची ठेवण निगेटिव्हसारखी, पण अंग इतकं बारीक की ग्रॅमच्या स्लाईडवर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. डार्क फील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणारा सूक्ष्मदर्शक) लागतं, नाहीतर रक्ताच्या तपासणीवरून निदान. वळणावळणाचा, दोन्ही टोकांना आकडा. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या पायातून अंगात शिरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा नद्या गावात शिरल्या होत्या; असा पूर ओसरल्यावर आरोग्य खात्याला ह्याचीच धास्ती असते हे चिक्कोडी-निपाणीकरांना सांगायला नको. लवकर दिलं तर डॉक्सीसायक्लिन लागू पडतं, उशीर झाला की मूत्रपिंडावर जातं.

ह्याच्याच जोडीला स्क्रब टायफस वाच. जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. पेशीच्या आतच जगतो, साध्या अगारवर वाढत नाही, ग्रॅमनं धड रंगत नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावते, तिथं न दुखणारी काळी खपली राहते. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली. ताप उतरेना तर कपडे काढून ती खपली शोधायला हवी, आणि घाईच्या ओपीडीत ते राहून जातं.

हिडकल_मास्तर

शाळेत विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त. एक तक्रार. गावोगाव विडाल ही रक्ततपासणी करून "टायफॉईड निघाला" म्हणतात, त्याचं काय? आमच्या घरात एकाच वर्षात तिघांचा "निघाला".

शहापूरकर

मास्तर, विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉईडच की. रिपोर्टवर छापून येतं.

टिळकवाडीची_लॅबवाली

नाही हो. विडालमध्ये जंतू दिसतच नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजतात. जॉर्ज फर्नांड विडाल यांची ही रीत १८९६ ची. त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण आपल्यासारख्या भागात, जिथं बऱ्याच लोकांच्या अंगावरून साल्मोनेला कधी ना कधी गेलेला असतो किंवा लस झालेली असते, तिथं थोडी प्रतिपिंडं निरोगी माणसातही सापडतात. शिवाय आजाराच्या पहिल्या आठवड्यात ती वाढलेलीच नसतात. एका आकड्यावरून ठरवणं अवघड. पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी. महाग पडतं, दोन-तीन दिवस लागतात, म्हणून टाळतात. पण कल्चर आलं की कुठलं औषध चालेल तेही कळतं.

शहापूरकर

बरं, पटतंय. रिपोर्ट बघून नाचायचं नाही म्हणजे.

माळमारुती_७

आपल्या व्हॅक्सीन डेपोत पूर्वी जंतूंचीच लस बनत होती ना? टिळकवाडीचा इतिहास कुणी लिहितच नाही.

हिडकल_मास्तर

तिथं देवीची लस बनत असे. देवी हा विषाणू, ह्या धाग्यातल्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. भिंत नाही, स्वतःची पेशी नाही, अँटिबायोटिकला तो भीक घालत नाही. जिवाणूंवरच्या जुन्या लशींचं पाहिजे असेल तर हाफकिन यांची मुंबईत १८९७ ची प्लेगवरची लस वाचा. तो प्लेगचा जंतू येर्सिनिया पेस्टिस, ग्रॅम निगेटिव्ह. डॉक्टरसाहेबांनी घटसर्पाचं सांगितलं तसाच तोही दोन्ही टोकांना गडद दिसतो.

खानापुरी_पोरगा

सगळ्यांचे आभार, वही भरली. अक्का, टीबी कुठं बसवायचा? पुस्तकात ग्रॅम पॉझिटिव्हच्या पानावर दिलाय, पण सर म्हणाले ग्रॅम करूच नका.

टिळकवाडीची_लॅबवाली

सर बरोबर आहेत. भिंतीची ठेवण पॉझिटिव्हच्या जवळची, पण तिच्यावर मायकॉलिक ॲसिडचा मेणचट थर. ग्रॅमचा रंग आत धड जातच नाही. म्हणून झील-नील्सन: कार्बोल फुक्सिन टाकून खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग सल्फ्युरिक ॲसिडनं धुवायचं, शेवटी मिथिलीन ब्ल्यू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या दिसल्या तर टीबी. ॲसिडलाही रंग सोडत नाही म्हणून ॲसिड फास्ट. कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला हा जंतू जाहीर केला, जागतिक क्षयरोग दिन त्यावरून.

आणखी एक फरक. ई. कोलाय पोषक द्रवात वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळं एलजे मीडियावर (टीबीचा जंतू वाढवायच्या खाद्यावर) कॉलनी यायला आठवडेच्या आठवडे जातात. औषधही सहा महिने त्याच कारणानं. बरीच औषधं वाढत्या जंतूवर काम करतात, आणि हा सुस्त पडून राहतो. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबला की लोक गोळ्या सोडतात, मग उरलेल्यांतून औषधाला न जुमानणारे पुढं वाढतात. आता ट्रूनॅट आहे, शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. ते जंतूची जनुकं शोधतं आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालतंय का तेही त्याच दिवशी सांगतं.

दूधवाला_हुक्केरी

गुरांचे डॉक्टर आहात काय? म्हशीला कासदाह झालाय. एका सडातून पाण्यासारखं दूध, ताप भरपूर. मागच्या वेळी उरलेली ट्यूब सडात भरू का?

गुरांचा_डॉक्टर

थांबा, भरू नका. एकदम ताप, कास गरम, दूध पाण्यासारखं हे बऱ्याचदा ई. कोलायचं लक्षण. त्याच्या बाहेरच्या पडद्यातलं विष रक्तात गेलं की जनावर आडवं पडतं, तिथं नुसत्या ट्यूबनं भागत नाही, सलाईन लागतं. स्टॅफ ऑरियस असेल तर रीत वेगळी. तो कासेत दबा धरून बसतो, महिनोन् महिने थोड्या गाठी येत राहतात, आणि धार काढणाऱ्याच्या हातातून दुसऱ्या म्हशीला जातो. आजच डॉक्टरांना बोलवा. त्यांनी नमुना मागितला तर सड धुऊन पुसा, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत. हे सगळं औषधाआधी. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका.

दूधवाला_हुक्केरी

बोलावलंय डॉक्टरांना, दुपारी येतो म्हणालेत.

खानापुरी_पोरगा

अक्का, शेवटचं. पुढच्या महिन्यात कंकुंबीकडच्या आरोग्य केंद्रात पोस्टिंग हाय. तिथून नमुने बेळगावला एसटीनं येतात, दोन तास मोडतात, पावसात जास्तच. सगळे नमुने बर्फाच्या डब्यात टाकले तर चालतंय?

टिळकवाडीची_लॅबवाली

सगळे नाही. लघवी दोन तासांत पोचणार नसेल तर गार ठेव, नाहीतर डब्यात ई. कोलाय दुप्पट-चौपट होऊन खोटा आकडा येतो. थुंकीही गार चालते. ब्लड कल्चरची बाटली मात्र बर्फात घालायची नाही, खोलीच्या तापमानालाच आण. मेंदूज्वराच्या संशयात पाठीतलं पाणी काढलं असेल तर तेही गार करू नको, त्यातले जंतू थंडीनं मरतात. खोल जखमेतला पू कापसाच्या बोळ्यावर घेतला तर क्लॉस्ट्रिडियमसारखे हवा न चालणारे वाटेतच जातात. तो सिरिंजमध्ये ओढून, हवा बाहेर काढून, तोंड बंद करून पाठव, सुई लावून नको. आणि प्रत्येक डब्यावर नमुना किती वाजता घेतला ते लिही. वेळ नसलेला डबा मी बाजूलाच ठेवते.